पित्ताची कथा आणि नगरची भाकरी

मराठी माणसाच्या बोलण्यांत पित्ताला जितकें स्थान आहे, तितकें शरीरांतील दुसऱ्या कोणत्याहि रसाला क्वचितच असेल. सकाळीं डोकें दुखूं लागलें कीं पित्त चढलें. अंगावर गांधी उठल्या कीं पित्त उठलें. कोणी रागावला कीं त्याचें पित्त खवळलें. अशा वेळीं घरची वडीलधारी बाई आमसुलाचें सार किंवा मोरावळा पुढें करते, आणि पुष्कळदां रोग्याला बरेंहि वाटतें. परंतु ज्या आंबट पाण्याला घरांत पित्त म्हणतात तें असतें जठरांतील. आणि यकृतांत तयार होऊन पित्ताशयांत सांठणारें खरें पित्त आंबट मुळींच नसतें. तें कडू असतें, हिरवट पिवळें असतें, आणि त्याचा धर्म आम्लाचा नसून क्षाराचा असतो. आयुर्वेदांतील पित्त ही तर या दोहोंहूनहि व्यापक कल्पना आहे. तिचा विचार येथें कर्तव्य नाहीं. येथें सांगावयाची आहे ती यकृतांतील कडू पित्ताची आणि त्यावर आतड्यांत काम करणाऱ्या एका जंतूची कथा. या कथेचा आरंभ युरोपांतील प्रयोगशाळांत झाला. परंतु तिचा एक धागा बार्शीच्या माळरानापर्यंत आणि तेथून नगर जिल्ह्यांतील भाकरीच्या टोपलीपर्यंत येऊन पोहोंचतो.

प्रथम पित्ताचें काम काय तें पाहिलें पाहिजे. तुपाचा हात नुसत्या पाण्याखालीं धरला तर ओशटपणा जात नाहीं; रिठ्याचें पाणी लावलें कीं तूप सुटून पाण्याबरोबर वाहून जातें. आतड्यांत पित्त तेंच करतें. अन्नांतील तेल-तुपाचे बारीक बारीक कण करून तें पाण्यांत मिसळण्याजोगें करावें, म्हणजे तें अंगीं लागतें. पित्तांतील ज्या द्रव्यांच्या अंगीं हा गुण आहे त्यांना पित्ताम्लें असें म्हणतात. यकृत तीं कोलेस्टेरॉलपासून बनवितें. प्रौढ माणसाच्या शरीरांत पित्ताम्लांचा सांठा अवघा दोन-तीन ग्रॅमचा. परंतु हा सांठा इतका काटकसरीनें वापरला जातो कीं, दिवसांतून सहा ते दहा वेळां तो यकृतांतून आतड्यांत उतरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागांतून रक्तावाटे पुन्हां यकृताकडे परत जातो. शंभरांतील सुमारें पंचाण्णव भाग याप्रमाणें परततात. पाटाचें पाणी शेताच्या टोकाला पोहोंचतां पोहोंचतां थोडें निसटावें, त्याप्रमाणें रोज सुमारें अर्धा ग्रॅम पित्ताम्ल निसटून मोठ्या आतड्यांत जातें. सारी कथा या निसटलेल्या अर्ध्या ग्रॅमची आहे.

पित्ताम्लांचें रसायन उकलण्यास शास्त्रज्ञांना शंभर वर्षें लागलीं. १८४८ सालीं आडोल्फ श्ट्रेकर या जर्मन रसायनज्ञानें बैलाच्या पित्तांतून दोन मुख्य द्रव्यें वेगळीं केलीं. पुढें १८८६ सालीं मीलियस नांवाच्या दुसऱ्या एका जर्मन रसायनज्ञाला एक नवें आम्ल मिळालें. तें मूळच्या कोलिक आम्लासारखेंच होतें, फक्त त्यांत प्राणवायूचा एक अणु कमी होता. म्हणून त्यास डीऑक्सिकोलिक आम्ल हें नांव पडलें. विशेष हें कीं, मीलियसला तें ताज्या पित्तांत मिळालें नव्हतें. तें मिळालें कुजलेल्या पित्तांत. कुजणें म्हणजे जंतूंचें काम होय. म्हणजे या द्रव्याचा कर्ता कोण, याची खूण पहिल्याच दिवशीं हातीं आली होती. परंतु त्या काळीं तिचा अर्थ कोणाला पुरता उमगला नाहीं. पुढें हेंच आम्ल बैलाच्या ताज्या पित्तांतहि सांपडलें, आणि तें यकृतानेंच केलेलें असावें, अशी समजूत दीर्घकाळ रूढ झाली.

या क्षेत्रांतील थोर नांव म्हणजे म्यूनिकचे हाइनरिख वीलांड. पित्ताम्लांच्या घटनेवरील संशोधनाबद्दल १९२७ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना देण्यांत आलें. त्यांत मौजेची गोष्ट अशी कीं, पारितोषिक स्वीकारतांना त्यांनीं जी घटना मांडली ती चुकीची ठरली. १९३२ सालीं इंग्लंडांत क्ष-किरणांच्या साह्यानें झालेल्या कामावरून ती चूक ध्यानांत आली, आणि स्वतः वीलांड यांनींहि सुधारलेली आकृति मान्य केली. विद्येच्या क्षेत्रांत मोठेपणा चूक न करण्यांत नसून चूक कळल्यावर ती सोडण्यांत असतो, याचें हें उत्तम उदाहरण म्हणतां येईल.

डीऑक्सिकोलिक आम्लाचा जगाला पहिला मोठा उपयोग झाला तो औषधाच्या रूपानें. अमेरिकेंतील मर्क कंपनींत लुइस सॅरेट या तरुण रसायनज्ञानें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळांत, बैलांच्या पित्तांतून काढलेल्या या आम्लापासून, तीसांहून अधिक पायऱ्या चढून, कॉर्टिझोन हें द्रव्य तयार केलें. १९४८ सालीं मेयो क्लिनिकमध्यें संधिवातानें खिळलेल्या एका बाईला तें टोंचलें गेलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. केंडल, हेंच व राइकस्टाइन या तिघांना १९५० सालीं त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. कारखान्याच्या दारांत पित्ताचीं पिंपें येत होतीं. परंतु त्या पित्तांतील हें मोलाचें आम्ल बैलानें नव्हे, तर बैलाच्या आतड्यांतील जंतूंनीं घडविलें आहे, ही गोष्ट त्या वेळीं सिद्ध झालेली नव्हती.

ती सिद्ध झाली स्वीडनमध्यें. लुंड येथील विद्यापीठांत सुने बर्गस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी यांनीं किरणोत्सर्गी कर्बाची खूण केलेलें कोलिक आम्ल प्राण्यांना देऊन त्याचा माग काढण्यास आरंभ केला. त्याच विद्यापीठांत बेंग्ट गुस्टाफसन यांनीं जंतुविरहित उंदीर वाढविण्याची युक्ति साधली होती. जन्मापासून बंद पेटींत ठेवलेल्या, निर्जंतुक हवेवर व निर्जंतुक अन्नावर वाढलेल्या या उंदरांच्या आतड्यांत एकहि जंतु नसे. १९५७ सालीं या दोन विद्यांचा संगम झाला. जंतुविरहित उंदरांनीं खूण केलेलें कोलिक आम्ल जवळजवळ जसेंच्या तसें बाहेर टाकलें. त्यांत डीऑक्सिकोलिक आम्लाचा मागमूस नव्हता. पुढें त्याच जातीच्या उंदरांत साधे जंतु सोडतांच तें आम्ल दिसूं लागलें. मीलियसच्या कुजलेल्या पित्ताचें कोडें अशा रीतीनें एकाहत्तर वर्षांनीं सुटलें. यकृत कच्चा माल पुरवितें, आणि जंतु त्यावर दुसरा हात फिरवितात. म्हणूनच यकृतानें केलेल्या पित्ताम्लांना प्राथमिक आणि जंतूंनीं केलेल्यांना दुय्यम असें म्हणतात.

हें काम दोन टप्प्यांत होतें. यकृतानें पित्ताम्लाच्या शेपटीला एक लहानसें अमिनो आम्ल जोडलेलें असतें. तें तोडणें हा पहिला टप्पा. हें काम पुष्कळ जातींचे जंतु करतात; दह्यांतील जंतूंच्या जातभाईंमध्येंहि ही शक्ति आढळते. दुसरा टप्पा अवघड. कोलिक आम्लाच्या सांगाड्यावर ठराविक जागीं असलेली प्राणवायु व हायड्रोजन यांची एक जोडी काढून टाकावयाची. ती निघाली कीं कोलिक आम्लाचें डीऑक्सिकोलिक आम्ल होतें. हा टप्पा गांठणारे जंतु अगदीं थोडे आहेत. माणसाच्या मोठ्या आतड्यांत कोट्यवधि जंतु नांदतात. त्यांत यांची संख्या नगण्य म्हणावी इतकी अल्प असते. गांवांत शेतकरी पुष्कळ असतात पण लोहार एकच असतो, आणि त्या एका भात्यावर सर्वांच्या फाळांची धार अवलंबून असते, तसाच हा प्रकार आहे.

या लोहारांपैकीं सर्वांत प्रसिद्ध जंतूचें नांव क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स. प्राणवायूचा त्याला सहवास सोसत नाहीं. १९८५ सालीं त्याला हें नांव देण्यांत आलें. लॅटिन भाषेंत सिंडेन्स म्हणजे कापणारा. तें नांव पित्तावरील कामावरून मात्र पडलें नाहीं; कॉर्टिझोनच्या जातीच्या अंतःस्रावांची बाजूची साखळी तो कापतो, असें प्रथम दिसून आलें, म्हणून तो कापणारा ठरला. ज्या जातीच्या जंतूंनीं घडविलेल्या आम्लापासून माणसानें कॉर्टिझोन केलें, त्याच जातींतला एक जंतु कॉर्टिझोनला कात्री लावणारा निघावा, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत फिलिप हायलेमन व त्यांचे सहकारी यांनीं अनेक वर्षें खपून या जंतूच्या अंगचीं पित्ताम्ल बदलणारीं हत्यारें एक एक करून ओळखलीं. शेवटीं २०२० सालीं स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं तीं सारीं हत्यारें एकत्र मांडून संपूर्ण क्रिया परीक्षानळींत घडवून दाखविली, आणि ज्याला ही विद्या अवगत नव्हती अशा दुसऱ्या एका जंतूच्या अंगीं ती घालून दाखविली.

येथवर ही कथा केवळ रसायनाची झाली. माणसाच्या सुखदुःखाशीं तिचा संबंध येतो तो पुढें. डीऑक्सिकोलिक आम्ल हें मूळच्या आम्लापेक्षां अधिक तिखट स्वभावाचें आहे. तें मोठ्या आतड्याच्या अस्तराला फार प्रमाणांत व फार काळ लागून राहिलें, तर तेथील पेशींना इजा होते. १९७१ सालीं लंडनमध्यें मायकेल हिल व त्यांचे सहकारी यांनीं निरनिराळ्या देशांतील लोकांच्या मळाची तपासणी करून एक निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका येथील लोकांत पित्ताम्लांचें व त्यांच्या जंतुकृत रूपांतरांचें प्रमाण जास्त होतें; युगांडा, जपान व दक्षिण भारत येथील लोकांत तें कमी होतें. पहिल्या गटांतील देशांत मोठ्या आतड्याचा कर्करोग पुष्कळ, दुसऱ्या गटांत थोडा. यावरून आहार, जंतु, पित्त आणि रोग अशी एक सांखळी असावी, असा तर्क त्यांनीं मांडला. तर्क म्हणजे सिद्धांत नव्हे. आतड्याच्या कर्करोगाला वय, आनुवंशिकता, तंबाखू, मद्य, लठ्ठपणा अशीं इतरहि कारणें आहेत. तरी पुढील पन्नास वर्षांत या सांखळीचे दुवे एकामागून एक बळकट होत गेले आहेत.

या ठिकाणीं महाराष्ट्र कथेंत येतो. कर्करोग कोणाला, कोठें आणि किती होतो, याची पद्धतशीर नोंद भारतांत प्रथम मुंबईंत १९६३ सालीं सुरू झाली. परंतु ती शहराची नोंद होती. खेड्यांतील माणूस इस्पितळांत येतच नाहीं, मग त्याची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न होता. त्याला उत्तर मिळालें बार्शीला. १९८७ सालीं तेथें देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी स्थापन झाली. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील परांडा व भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेंत आले. नोंदणीचे कार्यकर्ते इस्पितळांत बसून राहिले नाहींत. ते गांवोगांव फिरले, चावडीवर व देवळांत बसले, रोगाचीं लक्षणें लोकांना समजावून सांगितलीं, आणि संशयित रोग्यांना तपासणीसाठीं बरोबर आणलें.

या तीन तालुक्यांची शीव ओलांडली कीं नगर जिल्हा लागतो. भूमकडून पश्चिमेला निघालें तर जामखेड तालुक्यांतील खर्डें येतें. १७९५ सालीं मराठे व निजाम यांची जेथें लढाई झाली तेंच हें गांव. शिवेच्या अलीकडे व पलीकडे जमीन एक, पाऊस एक आणि ताटहि एक. म्हणून बार्शीच्या वह्यांत जें उमटलें तें नगरच्या लोकांनींहि लक्षपूर्वक वाचावें असें आहे. वयाचा हिशेब सारखा करून पाहिलें असतां, मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्य देशांच्या मानानें मुंबईंत कमी दिसला, आणि बार्शीच्या खेड्यांत तो मुंबईहूनहि कमी दिसला. तेथें कर्करोगच नव्हता असें मात्र नव्हे. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग तेथें फार होता, आणि त्याविषयीं याच भागांत पुढें मोठें काम झालें. पण मोठें आतडें मात्र बऱ्याच अंशीं सुरक्षित राहिलें होतें.

तें कशामुळें, याचा शोध घेतां घेतां दृष्टि ताटाकडे वळते. अहमदनगर जिल्ह्याचें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचें, सरकारी गॅझेटियर १८८४ सालीं प्रसिद्ध झालें. त्या काळीं या जिल्ह्याचें मुख्य अन्न बाजरी आणि ज्वारी. पश्चिमेकडील अकोल्याच्या डांगाणांत भात, नागली व वरई. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असलेल्या या मुलुखांत दुसरें पिकणार तरी काय? काळ्या जमिनींत परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, हलक्या जमिनींत बाजरी, तिच्या ओळींत तूर, मटकी आणि हुलगा. थंडींत बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, हुलग्याचें माडगें. एरवीं ज्वारीची भाकरी, अंबाडी किंवा तांदुळज्याची भाजी आणि जमलें तर ताक. तेल-तूप बेताचें, साखर सणावारीं, मांस क्वचित्. ही निवड वैद्यकाच्या ज्ञानानें केलेली नव्हती; बरीचशी गरिबीनें व कोरड्या आभाळानें लादलेली होती.

परंतु या ताटांत एक वस्तु भरपूर होती, ती म्हणजे चोथा. धान्याच्या टरफलाचा व कडधान्याच्या सालीचा कांहीं भाग माणसाच्या पाचक रसांना दाद देत नाहीं. तो तसाच मोठ्या आतड्यांत उतरतो. तेथें जंतूंना तो मेजवानीसारखा असतो. ते त्याला आंबवितात, आणि त्यांतून सौम्य आम्लें निर्माण होतात. त्यांतील ब्युटिरिक आम्ल हें तर आतड्याच्या अस्तराचें प्रत्यक्ष खाद्यच होय. या आंबण्यानें मोठ्या आतड्यांतील वातावरण किंचित् आम्ल बनतें. आणि पित्ताम्ल कातरणाऱ्या जंतूंची हत्यारें आम्ल वातावरणांत बोथट होतात. शिवाय चोथ्यामुळें मळ अधिक होतो, पित्ताम्लें त्यांत पातळ होऊन जातात, आणि तीं अस्तराला फार काळ लागून राहत नाहींत. म्हणजे भाकरीनें त्या लोहाराला गांवाबाहेर काढलें नाहीं. फक्त त्याच्या भट्टीची आंच बेताची ठेवली.

याचा प्रत्यक्ष पडताळा २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मिळाला. अमेरिकेंतील वीस आफ्रिकन वंशाचे नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस माणसें यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल करण्यांत आली. अमेरिकनांना मक्याचें जाडेंभरडें अन्न, शेंगा व भाज्या. खेडुतांना मांस व स्निग्ध पदार्थ. केवळ चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यांत दुय्यम पित्ताम्लें घटलीं आणि ब्युटिरिक आम्ल वाढलें. खेडुतांच्या आतड्यांत नेमकें उलट घडलें. जें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें तें दोन आठवड्यांत बदलूं शकतें, ही यांतील आशेची गोष्ट आहे. आणि भीतीचीहि तीच आहे.

पुण्याच्या संशोधकांनींहि या विषयांत भर घातली आहे. आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांतील अभ्यासकांनीं २०१२ सालीं दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या आतड्यांतील जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच चुलीवरचें खाणाऱ्या आजोबांत, मुलांत आणि नातवांत जंतूंचें प्रमाण वयाप्रमाणें कसें पालटतें, तें त्यांत पाहिलें गेलें. पुढें २०१६ सालीं पेशी विज्ञान केंद्रानें दाखवून दिलें कीं, भारतीयांच्या आतड्यांत प्रेवोटेला व मेगास्फेरा या जातींचें आधिक्य असतें. प्रेवोटेला ही जात चोथ्याच्या धान्यावर पोसणारी म्हणून ओळखली जाते. म्हणजे आतड्यांतील वस्ती ही एक प्रकारें त्या मुलुखाच्या शेतीची वहीच होय. शेतांत काय पेरलें गेलें तें त्या वहींत उमटतें.

ही शेती आतां पालटली आहे. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांचें पाणी खालच्या तालुक्यांत खेळूं लागलें. १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं, लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्या मालकीचा तो कारखाना साऱ्या देशाला कित्ता झाला, आणि कर्जांत बुडालेल्या हजारों घरांना त्यानें हात दिला. त्याचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु जेथें पाणी आलें तेथें ऊंस आला, आणि जेथें ऊंस आला तेथून ज्वारी हटली. १९७२ च्या दुष्काळानंतर शिधापत्रिकेवरील गहूं कोरडवाहू गांवांतहि सवयीचा झाला. भाकरी थापण्याला वेळ लागतो, हात लागतो, चुलीची धग सोसावी लागते. पोळीला त्या मानानें कमी. लग्नकार्यांत भाकरी वाढणें कमीपणाचें वाटूं लागलें. अशा अनेक लहान लहान कारणांनीं टोपलींतील भाकरी कमी होत गेली, आणि दुकानांतील मैद्याचे, तेलाचे व साखरेचे पदार्थ त्या जागीं आले. शहरांतील मोठ्या आतड्याचा रोग वाढत असतां खेड्यांनीं शहराचेंच ताट उचलावें, ही चिंतेची बाब आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, मग या कापणाऱ्या जंतूचा औषधानें समूळ नायनाटच कां करूं नये? तसें करणें घातक ठरेल. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नांवाचा त्याच्याच कुळांतील एक दुष्ट जंतु आहे. इस्पितळांत प्रतिजैविक औषधें फार दिलेल्या रोग्यांच्या आतड्यांत तो माजतो आणि जीवघेणा अतिसार घडवितो. यकृतानें केलेलें प्राथमिक पित्ताम्ल त्याच्या सुप्त बीजाला जागें करतें. जंतूंनीं केलेलें दुय्यम पित्ताम्ल त्याची वाढ रोखतें. २०१५ सालीं न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, या दुष्टापासून आतड्याचें रक्षण करणाऱ्या जंतूंत क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्सचें नांव अग्रभागीं आहे. प्रतिजैविक औषधांनीं तो मारला जातो आणि वेशीवरचा राखणदारच नाहींसा होतो. साध्या पडशालाहि कडक औषधाची गोळी मागणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिवाय १९९९ सालीं असेंहि कळून आलें कीं, पित्ताम्लें हीं नुसतें रिठ्याचें पाणी नव्हेत. तीं निरोपेहि आहेत. यकृतानें किती पित्त करावें, साखर व चरबी यांचा हिशेब कसा ठेवावा, याविषयींचे संदेश तीं पेशींपर्यंत पोहोंचवितात. जंतूंनीं बदललेलें आम्ल म्हणजे बदललेला निरोप. तात्पर्य, हा जंतु मित्र कीं शत्रु, हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रमाणांत असतां तो राखणदार. आणि चोथा कमी, स्निग्ध फार, अशा ताटावर तोच उपद्रवी.

जुन्या ताटाचें गुणगान करतांना आणखी एक पथ्य पाळलें पाहिजे. तें ताट खाणारे सर्व सुखी होते असें नव्हे. १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे या दांपत्यानें जामखेडला आरोग्याचें काम सुरू केलें, तेव्हां त्यांना दिसलीं तीं अतिसारानें दगावणारीं मुलें, कुपोषण आणि दूषित पाणी. त्यांनीं गांवच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. त्यांपैकीं कित्येकींना अक्षरओळखहि नव्हती. स्वच्छ पाणी, मुलांचा आहार आणि बाळंतपणाची काळजी या गोष्टी त्या स्त्रियांनीं घरोघर पोहोंचविल्या आणि मुलांचे प्राण वांचविले. १९७९ सालीं या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भाकरीनें मोठ्या आतड्याची राखण केली असेल. पण विहिरीच्या पाण्यांतील रोगापुढें तिचा इलाज नव्हता. जुनें तें सर्व सोनें, असें म्हणणें म्हणजे जामखेडच्या त्या मुलांना विसरणें होय. जें राखावयाचें तें ताट. जें टाकावयाचें तें दारिद्र्य.

आणि ताट राखणें अशक्य नाहीं. राहुरीला १९६८ सालीं स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें रब्बी ज्वारीचे सुधारलेले वाण शेतकऱ्यांच्या हातीं दिले आहेत. अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें या आदिवासी गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां वाल, भात, नागली आणि रानभाज्या यांचें गांवरान बियाणें गोळा करून जपलें; २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. ज्या धान्याला गरिबाचें म्हणून नाक मुरडलें जात होतें, तेंच शहरांतील दुकानांत महागड्या पुडक्यांतून विकलें जाऊं लागलें आहे. काळाची गति अशी चमत्कारिक आहे.

श्ट्रेकरपासून स्टॅनफर्डपर्यंत पावणेदोनशें वर्षें विद्वानांनीं त्या निसटलेल्या अर्ध्या ग्रॅमचा पाठलाग केला. त्या पाठलागांतून निघालेला अर्थ साधा आहे. माणूस आपलें अन्न एकटा पचवीत नाहीं. त्याच्या पोटांत एक गांव नांदत असतें, आणि त्या गांवाला रोजचा शिधा त्याच्याच हातून मिळतो. नगर जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांत अजूनहि संध्याकाळीं काटवटींत ज्वारीचें पीठ मळलें जातें, आणि थापतांना होणारा तो ओळखीचा आवाज शेजारच्या घरीं ऐकूं जातो. परंतु ती भाकरी थापणारी बहुतेक घरांत सासू असते. सुनेच्या आणि नातीच्या हातीं ती कला उतरते कीं नाहीं, यावर पुढील पिढीच्या पोटांतील त्या गांवाचें पुष्कळसें भवितव्य अवलंबून आहे. आणि तो भार सुनेवर व नातीवरच कां असावा? काटवटीपुढें मुलानें आणि नातवानेंहि बसावयास कोणतीच हरकत नाहीं.